डॉक्टरांच्या गाडीचा कार्ब्युरेटर

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, मुलींना नाही. देवासमोर हात जोडले तेव्हासुद्धा तिला वळसा घालून पुढं गेले. आता तुम्ही समोर बसलात म्हणून सांगतेय — की आता मला अडवणारं कुणी उरलं नाही म्हणून? कोण जाणे. सांगते. पण माझ्या पद्धतीनं सांगू द्या. आधी मला माझा मोठेपणा सांगायचाय. हसू नका. तो खरा आहे, आणि तो कळल्याशिवाय बाकीचं कळायचं नाही.

मी मोटारींचे जुने भाग साफ करायची. घरी, परसात, आडाच्या कडेला बसून. त्या काळात बाई हे काम करते म्हटल्यावर लोक यायचे बघायला. आणि मी बघू द्यायची.

स्वराज्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. चिंचवड तेव्हा गाव होतं, आणि मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला आमची पत्र्याची शेड होती. यांची आणि माझ्या धाकट्या दिरांची. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. लढाईच्या काळात हे लष्करात ट्रक दुरुस्त करायला शिकले आणि लढाई संपल्यावर भावाला घेऊन इकडे आले. देहूरोडच्या बाजूला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा, सुट्या भागांचा लिलाव व्हायचा. तिथून पोतीच्या पोती यायची. वंगण, माती, काजळी, गंज, सगळं एकमेकांत मुरलेलं. कुठला भाग कसला हेसुद्धा ओळखू यायचं नाही. शेडवर पाणी नव्हतं, म्हणून पोती घरी, परसात यायची.

मी एकदा चिंचेनं पितळेची भांडी घासत बसले होते. पोत्यातलं एक टोपण घरंगळत पायाशी आलं. काळंकुट्ट. सहज त्याला चिंच लावली, राख लावली, चार हात मारले — आणि खालून पिवळंधमक पितळ निघालं, त्यावर कोरलेली अक्षरंही दिसायला लागली. यांनी ते संध्याकाळी हातात घेतलं, फिरवून फिरवून बघितलं आणि काही न बोलता खिशात टाकलं. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर एक घमेलं, रॉकेलचा डबा आणि तारेचा ब्रश आणून ठेवला. यांच्या तोंडून शाबासकी यायची ती अशी.

मग मी शिकले. काय काय शिकले म्हणून सांगू! वंगण आधी लाकडी पट्टीनं खरवडायचं, मग रॉकेलमध्ये भिजत घालायचं. लोखंडी भागावरचा जुना रंग आणि गंज जात नसेल तर कॉस्टिक सोडा. अर्धं कापलेलं पत्र्याचं पिंप, खाली लाकडं, पाण्याला कढ आला की सोडा हळूहळू सोडायचा, तोंड बाजूला करून. वाफ डोळ्यांत गेली तर दिवसभर डोळे चुरचुरायचे. भाग तारेला बांधून आत सोडायचा आणि लाकडी चिमट्यानं वर काढायचा. सोड्यातून निघालेला भाग लगेच आडाच्या पाण्यात बुचकळायचा, पुसायचा आणि तेलाचा हात द्यायचा. जरा उशीर केला तर तुमच्या डोळ्यांदेखत त्याच्यावर तांबूस गंज चढतो. पेट्रोलची बारीक भोकं तारेनं कधी साफ करायची नाहीत, ती मोठी होतात. खराट्याच्या काडीचं टोक कातरून घ्यायचं आणि त्यानं करायची. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझं मी शोधलं.

मनगटावर हा डाग दिसतो ना? सोड्याचा आहे. मी तो कधी पदराखाली झाकला नाही. हळदीकुंकवाला गेले की बायका माझ्या काळ्या नखांकडं बघायच्या आणि बोटाच्या टोकानं हळद लावायच्या. मला वाईट वाटायचं? छे. ट्रकवाले शेडवर येऊन विचारायचे, ‘भाग वहिनींच्या हातचा आहे का?’ हे त्या बायकांना कुठं माहीत होतं! कल्याणहून येणारा एक सरदारजी तर माझ्या हातचा असेल तरच घ्यायचा. मी धुतलेला भाग उन्हात ठेवला की कोरा वाटायचा. मला त्याचा गर्व होता. आजही आहे. तो मी सोडणार नाही, तुम्ही शेवटपर्यंत ऐकून मला काहीही म्हणा.

तर. द्वारका.

द्वारका म्हणजे माझी धाकटी जाऊ. दिरांचं लग्न झालं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. चाकणजवळच्या एका वाडीतली, कांदा-बटाटा करणाऱ्या घरातली. अंगानं काटकुळी, बोलायला कमी. मला ‘आक्का’ म्हणायची. आल्यावर आठवडाभर ती स्वयंपाकघराच्या दारातून माझं काम बघत राहिली. मग एक दिवस भाकऱ्या उरकून माझ्या शेजारी येऊन बसली आणि घमेल्यातला एक भाग उचलून घासायला लागली. मला बरंच वाटलं. काम दोघींत वाटलं जाईल, आणि — खरं सांगू? — बघायला कुणीतरी हक्काचं मिळेल.

तिचा हात जड नव्हता. आपण भांडं घासतो तसं ती घासत नव्हती. आधी हातात घ्यायची, तोलायची, कानाजवळ नेऊन टिचकी मारायची. मी म्हटलं, ‘हे काय गं?’ तर म्हणाली, ‘मडकं न्हाई का बगत आपण बाजारात? चिरलेलं आसलं की बद्द वाजतं.’ मी हसले. लोखंड आणि मडकं!

पण पंधरा दिवसांत तिनं मला दाखवून दिलं. मी एक मोठा भाग स्वच्छ करून, तेल लावून ठेवला होता. इंजिनावरचं जाड झाकण असतं ते, ट्रकचं. आरशासारखं झालं होतं. द्वारका येता-जाता त्याला टिचकी मारून थांबली. पुन्हा मारली.

‘आक्का, ह्ये बद्द वाजतंय.’

‘काही नाही, जाड आहे म्हणून.’

‘न्हाई. दुसरं बी जाडच हाय. त्ये खणखणतंय.’

तेवढ्यात दीर आले. त्यांनी त्यावर रॉकेल फिरवलं, कोरडं पुसलं आणि खडूची भुकटी चोळली. आम्ही तिघं वाकून बघत होतो. हळूहळू त्या पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उमटली. चीर. आत रॉकेल शिरलेलं, ते बाहेर येत होतं. ते झाकण तसंच ट्रकवर चढलं असतं तर घाटात पाणी गळून इंजिन बसलं असतं.

संध्याकाळी जेवताना दीर मोठ्या कौतुकानं म्हणाले, ‘वहिनी, आता तुम्हाला जोड मिळाली बरं का.’ आणि आमचे हे, जे कुणाला कधी बरं म्हणत नाहीत, ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, ‘जोड कसली? ही पुढं जाईल.’

तीन शब्द. मी वाढत होते. हातातली पळी तशीच धरून मी उभी राहिले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. द्वारका चुलीपाशी मान खाली घालून लाजत होती. ती काय वाईट होती का? तिनं मला दुखावण्यासाठी काही केलं होतं का? काही नाही. पण त्या दिवसापासून ती शेजारी बसली की मला माझेच हात अवघडल्यासारखे वाटायला लागले.

चार-पाच महिने असे गेले. मी तिला वाईट वागवलं असं नाही. फक्त तिच्या पुढ्यात बारीकसारीक नटबोल्ट सरकवायची आणि मोठे, दिसणारे भाग स्वतःकडं ठेवायची. ती तेही तितक्याच मन लावून करायची.

आणि मग डॉक्टरांची गाडी आली.

आमच्याकडं एक डॉक्टर होते. भले माणूस. त्यांच्याकडं एक जुनी, छोटी विलायती मोटार होती. तिच्यात बसून ते आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जायचे, पार भोसरीपर्यंत. ती गाडी धक्के खायला लागली, मधेच बंद पडायला लागली. यांनी तिचा कार्ब्युरेटर उतरवला. कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळून सोडणारा भाग, साधारण मोठ्या पेल्याएवढा. आतले सुटे तुकडे यांनी काढून घेतले आणि बाहेरची रिकामी कवची माझ्याकडं दिली. वर्षानुवर्षांचा डिंकासारखा काळा थर तिच्यावर बसला होता. खालचा धातू तिळाएवढाही दिसत नव्हता. ‘रॉकेलमध्ये घाल. उद्या संध्याकाळपर्यंत बसवायचाय,’ एवढं सांगून दुसऱ्या दिवशी सकाळी हे आणि दीर दोघं देहूरोडला लिलावाला गेले.

त्या दिवशी सकाळी लोखंडी भागांसाठी सोड्याचं पिंप तापवलेलं होतं. मी रॉकेलमधून ती कवची काढली. रात्रभर भिजूनही थर जेमतेम सुटला होता. पट्टीनं खरवडलं, ब्रश मारला. जाईना. मी पिंपाकडं बघितलं. लोखंड असेल तर सोड्यात थोड्या वेळात लखलखीत होईल. मी तिला तार बांधायला घेतली.

द्वारकानं हात पुढं केला, कवची माझ्याकडून घेतली आणि तळहातावर तोलली.

‘आक्का, ह्ये सोड्यात नगा टाकू. ह्ये जर्मल हाय.’

जर्मल म्हणजे ॲल्युमिनियम. आमच्याकडं त्या भांड्यांना जर्मलची भांडी म्हणत.

‘कशावरून?’

‘लय हलकं लागतंय. माज्या आयनं एकदा जर्मलच्या पातेल्यात सोडा घालून कापडं उकळली व्हती. पातेलं काळं ठिक्कर पडलं, बुडाला भोकं पडली. ह्यो सोडा तर त्याच्यापेक्षा जहाल.’

आता नीट ऐका. इथं मला पळवाट काढायची नाही. यांनी मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं की हलका, पांढरा धातू सोड्यात घालायचा नाही, फक्त रॉकेल. मला ते पाठ होतं. आणि ती कवची रॉकेलमधून उचलताना मलाही हलकी लागली होती. लागली होती! माझ्या हाताला ते कळलं होतं. मी स्वतःशी म्हणतही होते की पट्टी जरा जोरात मारून खालचा रंग बघावा. तेवढ्यात ती बोलली. तिच्याऐवजी कुणीही बोललं असतं — एखादा ट्रकवाला, शेजारीण — तर मी थांबले असते. तिनं सांगितलं म्हणून मी थांबले नाही. तिच्याच आईच्या फुटक्या पातेल्यावरून तिनं मला शिकवावं?

मी म्हटलं, ‘काल आलीस तू. मला शिकवू नकोस.’

आणि सोडली.

आधी काही झालं नाही. चार श्वास घ्यावेत एवढा वेळ. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा, ‘बघ’ अशा नजरेनं. मग पिंपातून सळसळ ऐकू आली. पाणी फसफसून वर यायला लागलं, दूध उतू जातं तसा करडा फेस काठावरून ओघळला आणि खालच्या जाळात चरचरला. नाकाला झोंबणारी वाफ. द्वारका ‘आक्का, काडा, काडा!’ म्हणून ओरडली. मी तार ओढली तर ती नुसतीच वर आली, आणि फेसात काही दिसेना. चिमटा फिरवला, कवची त्याला लागेना. शेवटी तिनंच दुसऱ्या लाकडानं ती कवची कडेला लोटली, तेव्हा मला धरता आली.

पाण्यात बुचकळून बघितली. काजळी गेली होती. थर गेला होता. आणि धातूही गेला होता. कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. स्क्रू बसतात ते आटे गुळगुळीत. एका बाजूला तर बोट दाबलं की आत जाईल इतका पातळ पत्रा झालेला. डॉक्टरांच्या गाडीचा कार्ब्युरेटर, जो पुण्यातसुद्धा मिळत नव्हता, माझ्या तळहातावर काळा भुगा सांडत होता.

द्वारका मला काही म्हणाली का? ‘मी सांगत होते’ असं? नाही. ती म्हणाली, ‘तुमच्या हाताला तर न्हाई ना लागलं?’

मग मी काय केलं ते सांगते. हे मी घाबरून केलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी हात धुतले. लुगडं बदललं. केस विंचरले. द्वारकाला म्हटलं, ‘मी जरा देवळात जाऊन येते, तू पिंपाखालची लाकडं ओढ.’ आणि पवनेच्या काठानं गणपतीच्या देवळात गेले. दर्शन घेतलं. प्रदक्षिणा घातल्या. किती, ते आठवत नाही. परत येताना वाटेत ओळखीच्या दोघींशी थांबून बोललेसुद्धा. का गेले होते देवळात? देवाला काही सांगायला? नाही हो. घरी नव्हते असं म्हणता यावं म्हणून गेले होते. निम्मं खोटं बोलणं सोपं जातं, मला तेव्हा समजलं.

दुपार कलताना दोघं भाऊ आले. दिरांनी ती कवची उचलली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

‘हे कुणी केलं?’

परसात आम्ही दोघीच होतो. द्वारकानं माझ्याकडं बघितलं. ती वाट बघत होती. मी सांगेन याची तिला खात्रीच होती, एवढी ती सरळ होती. मी म्हटलं, ‘मी देवळात गेले होते. येऊन बघते तर हे असं.’

झालं. एवढंच वाक्य. तिचं नावही मी घेतलं नाही. घ्यायची गरज होती का?

दिरांनी विचारलं, ‘द्वारका, तू टाकलंस?’ ती माझ्याकडंच बघत होती. मग तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, ‘व्हय. चुकलं माजं.’

दिरांनी ती कवची आडाच्या दगडावर आपटली. तिच्यावर हात टाकला नाही, ते तसे नव्हते. पण सगळ्यांसमोर म्हणाले, ‘उद्यापासून हिनं या कामाला हात लावायचा नाही. चूल सांभाळ म्हणावं.’ हे गप्प उभे होते. ‘ही पुढं जाईल’ म्हणणारे हे. आणि मी — मी काय म्हटलं माहीत आहे? मी पुढं होऊन तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, ‘जाऊ द्या भाऊजी. लहान आहे. शिकेल हळूहळू.’

माझ्या हाताखाली तिची पाठ दगडासारखी घट्ट झालेली मला जाणवली. दीर म्हणाले, ‘वहिनी, तुमचं मन मोठं.’

डॉक्टर दोन महिने सायकलवर फिरले. भर उन्हात, बॅग पुढच्या दांड्याला बांधून. मुंबईच्या जुन्या बाजारातून तसाच दुसरा भाग मिळाला तेव्हा कुठं गाडी रस्त्यावर आली. मिळालेला तो भाग मीच साफ केला, रॉकेलमध्ये, तीन दिवस बसून, केवढा जपून! डॉक्टर मुद्दाम घरी आले आणि म्हणाले, ‘वहिनी, त्या दिवशी तुम्ही घरी असता तर हे झालं नसतं.’ मी पदर सावरला आणि गोड हसले.

द्वारका परसात यायची बंद झाली. तिची नखं पांढरी झाली. हळदीकुंकवाला बायका तिला भरभरून हळद लावायच्या. मी मात्र वाढत गेले. मला तुमच्यापासून हेही लपवायचं नाही — टिचकी मारून चीर ओळखायची रीत मी उचलली. आधी चोरून, ती पाण्याला गेली की. मग उघड. माझा कान तिच्याइतका तयार नव्हता, पण वर्षभरात झाला. एकदा एका ट्रकच्या स्टिअरिंगचा दांडा मी टिचकीनं नापास केला. ड्रायव्हर हुज्जत घालत होता. यांनी खडू मारून चीर दाखवली तेव्हा तो माणूस परसात येऊन माझ्या पाया पडला. त्याच संध्याकाळी तो बोरघाट उतरणार होता. एक जीव वाचला हो! त्याचा मला अभिमान आहे, का नसावा? ‘वहिनींची टिचकी’ असं लोणावळ्यापर्यंत नाव झालं. द्वारका आतल्या दारात उभी राहून ते ऐकत होती. ती आत वळली आणि पीठ मळायला लागली.

तुम्ही म्हणाल, एका क्षणाची चूक, तरुण वय, मत्सर. असू दे. पण मग पुढचं कुठं बसवाल? दोन वर्षांनी काम इतकं वाढलं की मला एकटीला पुरेना. पिंपरीकडं औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता, सामान वाहणाऱ्या ट्रकांची रीघ लागलेली. दिरांनीच एक दिवस, चहा घेता घेता, अगदी सहज विचारलं, ‘वहिनी, द्वारकाला पुन्हा घ्यायची का हाताखाली? आता समज आली असेल.’ त्यांचा राग केव्हाच गेला होता. नुसतं ‘घ्या’ म्हणायचं होतं मी. खोटं कबूल करायचीही गरज नव्हती. एक शब्द!

मी कप खाली ठेवला. विचार केल्यासारखं केलं. आणि म्हटलं, ‘नको भाऊजी. मनानं चांगली आहे, पण तिचं लक्ष नसतं. पुन्हा काही झालं तर तुम्हालाच त्रास.’

हे मी शांत डोक्यानं बोलले. हेच ते. पिंपाची गोष्ट सांगायला मला एवढं जड गेलं नाही. जे घशात अडकून राहिलं ते हे.

त्यानंतर साधारण तीन वर्षांनी भाऊ वेगळे झाले. भांडण नव्हतं, शेडला दोघांची कामं पुरत नव्हती आणि चाकणला सासुरवाडीची जागा होती. दिरांनी तिथं स्वतःचं दुकान टाकलं. मी एकदाच गेले, त्यांच्या दुसऱ्या मुलीच्या बारशाला. पाळण्याचं उरकलं, बायका पांगल्या आणि मी हात धुवायला मागच्या अंगणात गेले.

तिथं मांडव घातलेला. खाली घमेली, रॉकेलचे डबे, फळ्यांवर ओळीनं मांडलेले भाग. प्रत्येकाला चिंधी बांधलेली, कुठल्या गाडीचा त्याची खूण म्हणून. हे मला कधी सुचलं नव्हतं. पांढऱ्या धातूचे भाग वेगळ्या फळीवर, सोड्याच्या पिंपापासून लांब. मी एक उचलला. उन्हाला धरला. माझे डोळे अजून चांगले होते तेव्हा, मी खोड काढायलाच बघत होते. एकही खोड सापडली नाही. खाचेतल्या खाचेत, बोट न पोचणाऱ्या जागी, तो स्वच्छ होता. मी इतकी वर्षं काम करून असा एकही भाग काढलेला नव्हता.

मागून दीर आले. ‘बघितलंत वहिनी? इथं आलो तर हाताखाली कुणी नाही. नाइलाजानं हिला म्हटलं, बघ जमतंय का. आता नाशकाकडचे ट्रक हिच्यासाठी थांबतात.’ मग हसून म्हणाले, ‘तुमच्याच हाताखाली शिकली. तुमचीच पुण्याई.’

द्वारका मुलीला खांद्यावर घेऊन दारात आली होती. तिनं ऐकलं. तिची नखं पुन्हा काळी झालेली मी पाहिली. आता ती अठरा वर्षांची पोर नव्हती, घर तिचं होतं, अंगण तिचं होतं. ती बोलली असती तर मी काय करणार होते? तिनं माझ्याकडं बघितलं, तशीच, सरळ.

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘आक्कांकडंच शिकले मी.’

त्यात टोमणा होता का? क्षमा होती? की तिला खरंच तसं वाटत होतं? मी त्याचा अर्थ लावणार नाही. त्या दिवशी मी लुगडं बदलून देवळातून परत आले, आणि इतक्या वर्षांनी ती म्हणते ‘आक्कांकडंच शिकले’ — तिच्या शब्दाचा अर्थ माझ्या सोयीनं लावायचा मला काय अधिकार?

मी काय केलं ते मात्र सांगते. मी म्हटलं, ‘हुशारच होती ती पहिल्यापासून.’ आणि ते श्रेय घेतलं. तेसुद्धा घेतलं. चहा घेतला, बारशाच्या घुगऱ्या ओटीत घेतल्या आणि एस.टी.नं चिंचवडला परत आले. यांनी विचारलं, कसं झालं बारसं? म्हटलं, छान झालं.

हे आता नाहीत. दीरही नाहीत. द्वारका आहे, चाकणला, मुलीकडं. तिला गुडघ्यांचा त्रास आहे असं ऐकते. अजूनही मला चिंचवडमधली जुनी माणसं भेटली की हात हातात घेऊन म्हणतात, अशी कारागीर बाई पुन्हा झाली नाही. मी नाही म्हणत नाही. माझं काम चांगलंच होतं.

पण तिचं माझ्यापेक्षा चांगलं होतं. झाकणाला चीर सापडली त्याच दिवशी मला ते कळलं होतं, आणि त्यानंतर मी जे जे केलं ते कळूनच केलं. डॉक्टरांच्या गाडीचा कार्ब्युरेटर मी जाळला. द्वारका नको म्हणत होती.